जुन्या घराचं वायरिंग: गल्लीतला वायरमन की परवान्याचा ठेकेदार?

बेळगावात शहापूरच्या आमच्या घरात वायरिंगचे थर आहेत. सोप्यात लाकडी पट्टीवरून गेलेल्या आजोबांच्या वेळच्या वायरी, माजघरात नंतर कधीतरी ठोकलेली प्लास्टिकची केसिंग, आणि न्हाणीघरात गिझर आला तेव्हा माळ्यावरून ओढलेली तिसरीच वायर. गेल्या पावसाळ्यात नळाला ओला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. आई म्हणाली, "गल्लीतल्याला बोलव की, त्याला आपलं घर पाठ आहे." धाकट्याचं म्हणणं, परवानावालाच हवा. शेवटी दोघांकडून अंदाज मागवले.

पैशाचं आधी सांगतो, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. गल्लीतला वायरमन पॉईंटवर मजुरी सांगतो. सामान तुम्ही आणायचं. ठेकेदाराचा कागद सामानासकट असतो आणि त्याचा आकडा पाहून छाती दडपते. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीनं वाचा. आमच्या गल्लीतल्याच्या कागदात अर्थिंगचा खड्डा नव्हता, आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं स्विच) नव्हता, भिंती फोडल्यावर बुजवायला लागणारा गवंडी नव्हता. हे मिळवल्यावर फरक उरला, पण अर्ध्याहून कमी. वायरीच्या जाडीवरूनही माणूस ओळखता येतो. लाईट-पंख्याला 1.5 चौरस मिलिमीटर, प्लगला 2.5, गिझर-एसीला 4 असं कागदावर लिहून देणारा वेगळा आणि "चांगली वायर घालतो की" म्हणणारा वेगळा. 2000 वॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. आमच्याकडे तो पंख्याच्या वायरीवर होता. फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनी मातीच्या खाचेत, कुणीतरी जाड तांब्याची तार भरली होती. म्हणजे फ्यूज उडायचा बंद, तापायची ती वायर.

खरा फरक दिसला तो मोजण्यात. गल्लीतल्यानं टेस्टर लावून सांगितलं, "अर्थिंग आहे." ठेकेदाराच्या सुपरवायझरनं अर्थची वायर धरून परड्यापर्यंत माग काढला. ती नळाच्या जुन्या लोखंडी पाइपला बांधलेली होती, आणि तो पाइप पुढे जमिनीत प्लास्टिकच्या पाइपला जोडलेला! नळाची लाईन बदलली तेव्हा आमचं अर्थिंग गेलं ते कुणाच्या ध्यानीमनी नाही. गिझरमधून गळणारा करंट जमिनीत जायच्या ऐवजी नळाला येऊन थांबत होता. मग त्यानं मेगर काढला. हे यंत्र 500 व्होल्टचा दाब देऊन वायरीचं आवरण किती टिकलंय ते मोजतं. वायर वरून धडधाकट दिसते. आत रबर सुकून पापडासारखं झालेलं असतं. ज्याच्याकडे मेगर नाही त्यानं "ही वायर अजून दहा वर्षं चालंल" म्हणणं हा निव्वळ अंदाज.

जुन्या घरांत आणखी एक भानगड असते. दोन खोल्यांचे फेज वेगळे, न्यूट्रल मात्र एकच. अशा वायरिंगवर एकाच खोलीच्या फेजला नवा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला की तो घडीघडी पडतो. न्यूट्रल वेगळे करणं हे दोन दिवसांचं किचकट काम, आणि आरसीसीबीला बगल देऊन वायर सरळ जोडणं पाच मिनिटांचं. ओळखीच्या एका घरी असंच झालं होतं: डबा बसवलेला, बटण दिसतंय, आत मात्र बायपास. एमसीबी (जास्त लोड आला की पडणारं बटण) वायर वाचवतो, माणूस वाचवायचा तो आरसीसीबीनं. त्याचं टेस्ट बटण दाबून त्याच्यावरची सगळी लाईट जाते का ते बघितल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलायला परवाना लागत नाही. नवं वायरिंग किंवा लोड वाढवणारं काम मात्र राज्य सरकारच्या परवानाधारक ठेकेदाराकडून, सुपरवायझरच्या देखरेखीखाली व्हायला हवं. 1956 च्या वीज नियमांपासून हेच चालत आलंय. हेस्कॉमकडे, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडे, लोड वाढवायला गेलात की ठेकेदाराच्या सहीचा कम्प्लिशन रिपोर्ट मागतात. मीटरचं सील तर दोघांपैकी कुणीच तोडायचं नाही, ते हेस्कॉमचं.

आणि इथेच आपल्याकडची तिसरी जात भेटते: सहीपुरता ठेकेदार. काम गल्लीतला करतो, रिपोर्टवर सही ठेकेदाराची, त्यानं घराचा उंबराही ओलांडलेला नसतो. माझ्या मते हा सगळ्यांत वाईट सौदा. पैसे परवान्याचे गेले, तपासणी शून्य. अंदाज द्यायला कोण आलं आणि मेगर कोण लावणार, हे दोनच प्रश्न विचारा. परवान्यावर कर्नाटक विद्युत निरीक्षणालयाचं नाव आणि मुदत बघून घ्या. सीमेवरची अडचण वेगळीच: चंदगड-गडहिंग्लजकडचा पाहुणा हुशार असतो, कमी पैशात करतोही, पण त्याचा परवाना महाराष्ट्राचा. हेस्कॉमच्या कागदावर इथला नंबर लागतो. रिपोर्ट कन्नडमध्ये असला तर शेजारच्या अण्णाकडून वाचून घ्या, सही त्यानंतर.

मग गल्लीतला कामाचाच नाही का? तसं नाही. रात्री अकराला बोर्डातून धूर आला तर धावत येतो तो तोच. आमच्या माळ्यावर कुठल्या तुळईमागे जॉइंट आहे हे सुपरवायझरला तासभर सापडलं नाही, गल्लीतल्यानं पायरीवरून बोट दाखवलं. आम्ही ठेकेदाराला काम दिलं आणि याला मजुरीवर त्याच्या हाताखाली लावायची अट घातली. ठेकेदार आधी नाखूष होता. तुमचं वायरिंग तांब्याचं, पाइपातलं असेल आणि दोन स्विच-पंखेच बदलायचे असतील, तर मी ठेकेदाराच्या मागे लागणार नाही.

भिंतीबद्दल मात्र दोघांचंही ऐकू नका, आधी गवंड्याला दाखवा. पांढऱ्या मातीच्या भिंतीत खाच मारली की ढपलेच्या ढपले येतात, आणि खानापूरकडच्या जांभ्याच्या भिंती पावसात ओल धरतात. अशा घरात वरून पीव्हीसी पाइप क्लिपांवर नेलेला बरा. दिसायला आईला नाही आवडला, पण पुढच्या वेळी वायर बदलायला भिंत फोडावी लागणार नाही.

काम उन्हाळ्यात काढा. खड्ड्यातली माती तेव्हा कोरडी असते आणि कोरड्या मातीत अर्थिंगची खरी परीक्षा होते, म्हणून ते मोजायचं मे महिन्यात. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत ओल टिकते, तिथे अर्थिंगच्या रोधाचा आकडा लवकर खाली येतो. आमच्या मुरमाड परड्यात दुसरा खड्डा घ्यावा लागला, कोळसा-मीठ घालून. त्याचे पैसे अंदाजात धरलेले नव्हते, वेगळे द्यावे लागले.