मॅकलमवर इथेही अन्यायच

फासे आणि कार्डांवर खेळायचा हा बॉक्सिंगचा गेम मी घेतला तो एकाच गठ्ठ्यासाठी. १९८८ ते १९९५चे मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनगटातले बॉक्सर. टोनी, नन, मॅकलम, रॉय जोन्स, हॉपकिन्स, मॅक्लेलन, ज्युलियन जॅक्सन, बेन, युबँक. सगळे एकाच काळातले, आणि त्यातले निम्मे एकमेकांसमोर आलेच नाहीत. टोनी विरुद्ध मॅक्लेलन नाही, नन विरुद्ध मॅकलम नाही, जोन्स विरुद्ध मॅक्लेलनही नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये मॅक्लेलनने जोन्सला हरवलं होतं, व्यावसायिक रिंगमध्ये हिशेब व्हायचा होता. १९९५च्या फेब्रुवारीत लंडनला बेनशी झालेल्या लढतीत मॅक्लेलनच्या मेंदूला इजा झाली आणि तो विषयच संपला.

खेळायला सोपं आहे. प्रत्येकाचं एक कार्ड, दोन फासे, आकडा कार्डावर शोधायचा: जॅब (सरळ झटपट ठोसा) लागला, हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) चुकला, समोरचा हेलपाटला. बारा राउंडला पाऊण तास लागतो. गुण लिहायचा तक्ता इतका बारीक छापलाय की चष्मा लावूनही सातव्या राउंडचे गुण आठव्यात पडतात.

गेम खरा आहे का, हे बघायला मी आधी झालेलीच लढत लावली. जॅक्सन विरुद्ध हेरोल ग्रॅहम, १९९०. ग्रॅहमने त्या दिवशी जॅक्सनला नाचवलं होतं, जॅक्सनचा डोळा मिटत आला होता, लढत थांबवायच्या गोष्टी चालल्या होत्या. चौथ्या राउंडला जॅक्सनचा एकच उजवा ठोसा बसला आणि ग्रॅहम खाली पडायच्या आधीच बेशुद्ध. मी आठ वेळा खेळलो. सहा वेळा ग्रॅहम गुणांवर सहज जिंकला, दोनदा जॅक्सनने आडवा केला. म्हटलं, कार्ड बनवणाऱ्याने लढत पाहिलेली दिसते.

हॉपकिन्सचं मात्र पटत नाही. एका माणसाला एकच कार्ड, आणि ते त्याच्या पुढच्या बहराच्या वर्षांचं. १९९३मध्ये जोन्सने त्याला तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर ११६-११२ असं हरवलं, तो हॉपकिन्स यात नाहीच.

पण माझं खरं भांडण मॅकलमवरून आहे. या माणसाला आयुष्यभर मोठ्यांनी टाळलं. १९८४मध्ये डुरानने त्याच्याशी लढायचं सोडून हर्न्सशी लढत घेतली, जगज्जेतेपदाच्या बेल्टवर पाणी सोडलं, आणि रिकाम्या बेल्टसाठी मॅकलम शॉन मॅनियनशी लढला. लेनर्ड, हॅगलर, हर्न्स, त्या काळच्या बड्या नावांपैकी कुणीच त्याला मिळालं नाही. मॅकलम तर काही काळ हर्न्सच्याच डेट्रॉइटच्या क्रॉंक जिममध्ये होता. मॅकलमचं हत्यार म्हणजे बरगड्यांखाली बसणारा डावा हुक. तो लगेच कुणाला पाडत नाही, पण दहाव्या राउंडला समोरच्याचे पाय उचलत नाहीत. आणि या गेममध्ये अंगावरच्या ठोशांना वेगळा रकानाच नाही! डोक्याला लागो की पोटाला, गुण तेवढेच, समोरच्याच्या दमाच्या आकड्यातून वजा तेवढंच. त्यामुळे इथला मॅकलम म्हणजे जरा बरा जॅब मारणारा कुणीतरी. टोनीशी १९९१मध्ये बरोबरी साधणारा माणूस माझ्याकडे त्याच टोनीकडून चार वेळा सरळ हरला.

म्हणून मी घरचा नियम केला. सहाव्या राउंडनंतर मॅकलमचा प्रत्येक हुक लागला की समोरच्याच्या दमातून एक वजा. नन विरुद्ध मॅकलम तशीच लावली. धाकट्या भावाने नन घेतला. नऊ राउंड नन पुढे होता, डावखुरा, उंच, हाती लागेना. दहाव्यात दम शून्यावर, अकराव्यात संपला. खऱ्या आयुष्यातही १९९१मध्ये डॅव्हनपोर्टला, ननच्याच गावात, तो गुणांवर पुढे असताना टोनीने त्याला अकराव्यातच संपवलं होतं. मला आकडा बघून हसू आलं. भावाला आलं नाही.

गेम घ्या, तक्ता मात्र स्वतः मोठा आखून घ्या.

त्यानंतर मॅकलम विरुद्ध हर्न्स लावायला बसलो. भावाने हर्न्सचं कार्ड उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, “दादा, तुझा तो नियम असेल तर मी खेळत नाही.” मी नियम सोडायला तयार नाही. कार्डं तीन आठवडे टेबलावर तशीच समोरासमोर पडून आहेत.