नखे काढण्यापेक्षा खांब बरा

सोफ्यावर ओरखडे उठले म्हणून मांजराची नखे कायमची काढण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. पण त्या शस्त्रक्रियेत नखासोबत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडही कापले जाते, हे कळल्यावर आम्ही घायपाताचा दोर गुंडाळलेला स्क्रॅचिंग पोस्ट, म्हणजे मांजराला नखे घासण्यासाठीचा खांब, आणला. (न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये वैद्यकीय कारणाखेरीज या शस्त्रक्रियेवर बंदी घातली, ती मला रास्तच वाटते.) उंची सुमारे ९० सेंटिमीटर असल्याने मांजर मागच्या पायांवर उभे राहून पाठ पूर्ण ताणते, आणि जुन्या नखांची टरफले अधूनमधून खाली पडलेली सापडतात. तळ मात्र फारच हलका निघाला; खांब डुगडुगताच ते बिचकून पुन्हा सोफ्याकडे वळले, तेव्हा खाली जड फरशी बसवावी लागली.