बाहुल्यांचा खेळ आणि समोरच शिजणारा खाऊ: कळसूत्री घ्यायची की हातमोजा?

गोष्ट सांगत सांगत मुलांसमोरच काहीतरी रांधायचं आणि तिथंच खायला द्यायचं, असा कार्यक्रम बालवाडीत नायतर वाड्यावर, म्हणजे वस्तीत, करायचं मनात असेल तर बाहुली आणि पदार्थ दोन्ही एकदमच ठरवा, कारण एकाचा दुसऱ्याशी मेळ बसला नाही तर मुलं ना धड गोष्ट ऐकत ना धड खाणं बघत.

कळसूत्री बाहुली दिसायला एकदम भारी, नाचते, वळते, आणि ही कला आपल्या अगदी जवळची, गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली की पुढे कुडाळजवळ पिंगुळी गाव, तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच ठाकर समाजाच्या कलेसाठी. पण खेळवणाऱ्याचे दोन्ही हात दोऱ्यांत अडकलेले असतात, त्यामुळे रांधायला वेगळं माणूस आणि वेगळं टेबल लागतं, शिवाय दोऱ्या वाफेपासून लांब ठेवाव्या लागतात. म्हणून तिच्यासोबत वाट बघायला लावणारा पदार्थ घ्या, म्हणजे पातोळ्या. नागपंचमी-चवथीच्या दिवसांत हळदीची पानं मिळतातच, आणि पंधरा ऑगस्टला ख्रिश्चन शेजाऱ्यांकडेही पातोळ्याच असतात, त्यामुळे वर्गातल्या बहुतेक मुलांना त्या घरच्याच वाटतात. आधी मुलांनी बोटांनी पानावर तांदळाचं पीठ पसरायचं, मध्ये खोबरं-गुळाचं चूण ठेवायचं, पान उभं दुमडायचं, मोठ्यांनी मोदकपात्रात ठेवून द्यायचं आणि मग पंधरा-वीस मिनिटं खेळ सुरू. मधेच हळदीच्या पानाचा वास सुटतो तेव्हा पुढच्या रांगेतल्या माना आपोआप भांड्याकडे वळतात, तेवढ्यात बाहुलीनेही तिकडे मान वळवली तर गोष्ट तुटत नाही.

हातमोजा बाहुलीचं सगळंच वेगळं. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट हातांत, बस्स, स्टेज नको की पडदा नको, मुलाच्या नाकासमोर जाऊन बोलता येतं, छोटी वाटी धरून ती उपडीसुद्धा करता येते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मी डोळे झाकून हीच सांगेन! तिच्यासोबत रोसातले फोव करा, म्हणजे नारळाच्या दुधातले पोहे, दिवाळीचे, आणि गोष्ट अर्थातच सुदाम्याची. विस्तव लागतच नाही. खोबरं वाटून आणायचं, फडक्यात घालून मुलांनी पिळायचं, तो पांढरा रोस बोटांमधून ओघळतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, त्यात गूळ, वेलची, मग भिजवलेले फोव. कृष्ण म्हणतो "अजून गूळ घाल रे" आणि एखादं गप्प बसणारं पोरही उठून गूळ घालतं. इथं गोष्ट आणि खाणं एकच होऊन जातं, कळसूत्रीत ते शेजारी शेजारी राहतं. फक्त मागच्या रांगेला ही बाहुली दिसत नाही, त्यामुळे मोठा हॉल आणि दुसरी-तिसरीच्या वरची मुलं असतील तर कळसूत्रीच बोलवा.

चामड्याच्या छायाबाहुल्या सुंदर असतात पण त्यांना अंधार लागतो, आणि अंधारात गरम भांडं नको, त्यामुळे इथं तो पर्याय सोडूनच द्या.

पातोळ्या करणार असाल तर गॅसपेक्षा इंडक्शन बरं, भांडं मुलांच्या हाताला लागणार नाही इतकं मागे ठेवा आणि पान मोठ्यांनीच उघडून द्या, आतलं चूण वरून वाटतं त्याहून बरंच गरम असतं. आणि कुठल्या मुलाला काय चालत नाही ते पालकांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ऐनवेळी एकाच मुलाची वाटी रिकामी ठेवायला जीव होत नाही.