डेडलिफ्टनंतर सरकलेली गादी आणि फिजिओथेरपी: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या जिममध्ये डेडलिफ्ट (जमिनीवरचा जड बार उचलून सरळ उभं राहणं) मारताना कंबरेत चमक भरली आणि दुसऱ्या दिवसापासून डावा पाय पोटरीपासून करंगळीपर्यंत ठणकायला लागला. एमआरआयमध्ये एल५-एस१ या जागची, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी (डिस्क) सरकून शिरेला टेकल्याचं निघालं. ऑपरेशन न करता, फिजिओथेरपीच्या जोरावर मी आज पुन्हा बार उचलतोय, म्हणून हे सविस्तर लिहितो. फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट, असा समज आपल्याकडं पक्का आहे. मला ज्यानं बरं केलं ते निराळंच होतं.

आधी डॉक्टरांकडचं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला, तर थोडा वर जाताच पोटरीत कळ गेली. एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली; उजवी आरामात उचलत होती, डावी लगेच थकत होती. घोट्यामागं हातोडी मारल्यावर डावं पाऊल जेमतेम हललं. एस१ ची, म्हणजे तिथून पोटरी-पावलाकडं जाणारी शीर दबली की साधारण असंच दिसतं. तरी त्यांनी ऑपरेशनची घाई केली नाही. बाहेर आलेला गादीचा भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं आणि बहुतेकांचा पाय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शांत होतो, असं त्यांनी नीट समजावलं. एक ताकीद मात्र दिली, ती मी इथं तशीच देतो: लघवी अडकली किंवा शौचावर ताबा राहिला नाही, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर फिजिओथेरपीची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

एमआरआयच्या रिपोर्टनं घरातले सगळे घाबरले होते. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा लोकांच्या एमआरआयचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या सापडल्या. हे आकडे मला पहिल्याच आठवड्यात कळले असते तर आईची आणि माझी बरीच झोप वाचली असती. माझी शीर खरोखर दबली होती हे खरं, पण फिल्म कितीही वाईट दिसली तरी माणूस पुढं किती सुधारेल हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

सुरुवातीला ज्या सेंटरला गेलो तिथं रोज तेच: पालथं झोपा, गरम पिशवी, आयएफटीचे म्हणजे करंटचे पॅड, अल्ट्रासाउंडचा शेक, कधी ट्रॅक्शन म्हणजे कंबर ताणणं. उठल्यावर तासभर बरं वाटायचं. तावडे हॉटेलचा चौक ओलांडून शिरोली एमआयडीसीत कामावर पोहोचेपर्यंत पाय परत पेटायचा. व्यायामाचा छापील कागद मिळाला होता, पण तो मी कसा करतो हे बघायला कुणी थांबलं नाही. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स (करंटचाच एक प्रकार) आणि कंबरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलं आहे आणि व्यायामाला पसंती दिली आहे. शेकानं आराम पडतो, तो घरी जरूर घ्यावा. त्यासाठी रोज पैसे मोजून अर्धा तास पडून राहायची गरज मला तरी दिसत नाही.

मग जिममधल्या एकानं दुसऱ्या फिजिओ मॅडमचं नाव सुचवलं. तिथं पहिल्या भेटीत एकही मशीन लागलं नाही. मला पुढं वाकवलं, मागं वाकवलं, बाजूला झुकवलं आणि प्रत्येक वेळी विचारलं, "आता दुखतंय कुठं? पोटरीत, मांडीत की कंबरेत?" पुढं वाकलं की कळ पोटरीत उतरत होती. पालथं पडून हातांवर छाती उचलली, भुजंगासनासारखी पण कंबर सैल सोडून, आणि तेच काही वेळा केलं की पोटरीतली कळ मांडीत यायची आणि कंबर मात्र जास्त दुखायची. मी घाबरलो. मॅडम म्हणाल्या, "हेच पाहिजे होतं. दुखणं पायातून वर सरकतंय म्हणजे दिशा बरोबर आहे. कंबर दुखली तर दुखू दे, पाय मोकळा झाला पाहिजे." ही पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टनं रूढ केली. सगळ्यांना मागं वाकूनच आराम पडतो असं नाही, काहींची दिशा वेगळी असते, म्हणून व्हिडिओ बघून करण्यापेक्षा एकदा तपासून घेणं फार मोलाचं. मी दर दोन-तीन तासांनी, ऑफिसात टेबलाला हात टेकून उभ्यानंसुद्धा, तेच करत राहिलो. दोनेक आठवड्यांत पोटरी शांत झाली आणि दुखणं कुल्ल्यापर्यंत आखडलं. आठ-नऊ महिन्यांत मला सर्वांत मोठा दिलासा मिळाला तो याच टप्प्यावर.

पुढचा टप्पा कंटाळवाणा होता. कॅनडाचे मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम: कंबर न वाकवता डोकं-खांदे जेमतेम उचलणं, कुशीवरचा प्लँक आणि चार पायांवर येऊन उलटसुलट हात-पाय ताणणं. जोर-बैठका आणि सपाट्या मारलेल्या माणसाला हे पोरखेळ वाटतात. कंबर न हलू देता नीट केले की घाम निघतो. जोडीला रोज चालणं. आधी रंकाळ्यावर दहा मिनिटंही जड जायची, मग हळूहळू वाढवलं.

याच काळात तालमीतले वस्ताद घरी बघायला आले. लहानपणापासून त्यांच्या हाताखाली लाल मातीत घोळलोय, त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. ते म्हणाले, "बाळा, मणका एकदा गेला की गेला. आता लोखंडाचा नाद सोड, जड उचलायचं न्हाई." माया होती त्यात. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "परत उचलायला लावणं हाच तुमचा उपचार आहे. घरात सिलिंडर कोण उचलणार? पाण्याचा कॅन कोण उचलणार?" मला हे मनापासून पटलं. आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची कांस्यपदकं आणली. वजन उचलणं म्हणजे मणक्याचा नाश, असं या मातीत तरी कुणी मानू नये. आणि दुखापत फक्त तंत्र चुकलेल्यांनाच होते असंही नाही. सांगलीच्या संकेत सरगरचं कोपर २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर नेणं) करताना दुखावलं आणि त्याचं सुवर्ण एका किलोनं हुकलं.

वजनाकडं परत जाणं काठीपासून सुरू झालं. काठी पाठीवर उभी धरायची; डोकं, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकलेली ठेवून फक्त खुब्यातून वाकायचं. त्यानंतर केटलबेल (कडीचं गोल वजन), मग ठोकळ्यांवर उंच ठेवलेला रिकामा २० किलोचा बार, मग थोड्या थोड्या प्लेटा. नियम एकच होता: दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं पाहिजे, आणि कळ गुडघ्याखाली उतरली तर वजन कमी करायचं. या नियमानं माझी भीती मोडली. पूर्वी प्रत्येक दुखण्याचा अर्थ मी ‘गादी पुन्हा सरकली’ असा लावत होतो; आता सकाळपर्यंत थांबून बघतो.

सामानाबद्दल थोडं. रबरी बँड घ्याच. पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा ताण वाढत जातो, माझं काम लाल आणि हिरव्यावर झालं. कंबरेचा पट्टा पहिल्या आठवड्यांत लांब मोटरसायकल चालवताना घातला, नंतर कपाटात गेला. फोम रोलर घेतला नसता तरी चाललं असतं. घरच्यांनी जमिनीवर चटई टाकून झोपायला लावलं होतं, त्यानं सकाळी आखडायला व्हायचं. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी कंबरदुखीला बरी, असं २००३ च्या एका चाचणीत दिसलं होतं, आणि साध्या कापसाच्या गादीवर मलाही तोच अनुभव आला. जेवायला पाटावर बसणं मात्र कित्येक महिने बंद ठेवावं लागलं. लग्नाच्या पंगतीत खुर्ची मागताना अवघड वाटायचं, तरी मागितली.

खर्चाचं म्हणाल तर मॅडमकडं एका वेळचे चारशे रुपये होते. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग महिन्यातून एकदा. रोज या म्हणून पॅकेज विकलं नाही, हे मला फार आवडलं. उणीव एकच: संध्याकाळी सहानंतरच्या वेळा मिळत नाहीत, एमआयडीसीतल्या माणसाला अर्धी सुट्टी टाकावी लागते. तुम्ही जिथं जाल तिथं पहिल्याच दिवशी विचारा की मी परत वजन कधी आणि कसं उचलणार. त्यावर नुसतं "बघू" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडं चौकशी करा.

सध्या डेडलिफ्ट शंभर किलोवर आहे, दुखापतीआधी १४० होती. पाय दुखत नाही. डाव्या टाचेची ताकद अजून उजवीएवढी नाही आणि लांब बसलो की करंगळीला मुंग्या येतात. शीर सावकाश सावरते असं मॅडम सांगतात, म्हणून एका पायावर टाचा उचलणं रोज चालूच आहे. एस१ नंतर पोटरीची ताकद पूर्ण परत आलेलं कुणी असेल तर काय केलं आणि किती काळ लागला, ते जरूर कळवा.