एसीचं फिटिंग : हाताला पाच स्टार, बिलाला दोन

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक रोज सकाळी रंकाळ्यावर फिरताना समोरून येतात, तोंड चुकवायची वेळ नको.

पोरानं पुण्यात बसून दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेऊन दिला, फिटिंग दुकानाकडूनच. मशीनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, गार करतंय. मला लिहायचंय ते भिंतीबाहेरच्या कामाबद्दल. आतलं सगळे बघतात, बाहेरचं एकदा बसवलं की परत कोण वाकून बघतंय? मी उद्यमनगरात ३८ वर्षं लेथवर काढली. घरात कुणी ड्रिल बाहेर काढलं की मला खुर्चीत बसवत नाही.

सकाळी दहाची वेळ दिलेली, दोन पोरं उगवली दुपारी साडेतीनला. फोन नाही, काही नाही. आल्या आल्या मी म्हटलं, आउटडोअर, म्हणजे एसीचं बाहेरचं मशीन, बिल्डिंगच्या डक्टमध्ये लावा, ऊन लागणार नाही, पाऊसही नाही. थोरला म्हणाला, "नको मामा, डक्टात गरम हवा कोंडतीया. तीच हवा मशीन परत वढून घेणार, मग एप्रिल-मे मध्ये कूलिंगच न्हाई." बरोबर होतं त्याचं. पश्चिमेच्या भिंतीवर, बाल्कनीच्या कडेला जागा ठरली. आमचा तिसरा मजला.

ड्रिल लावलं आणि भोकातून लाल विटेच्या भुग्याऐवजी पांढरा, मैद्यासारखा भुगा यायला लागला. पोरगा थांबला. बोटावर भुगा घेऊन चोळला आणि म्हणाला, "ह्यो ब्लॉक हाय. साधा फास्टनर ह्यात धरत न्हाई. आरपार बोल्ट पायजेत, आमच्याकडं न्हाईत." खरं सांगतो, तिथंच मला तो आवडला. नवीन बिल्डिंगांत सगळीकडे हेच हलके ब्लॉक आहेत. गिलाव्यात ठोकून निघून गेला असता तर मला त्या दिवशी कळलंही नसतं. तीसेक किलोचं मशीन, वर पंख्याची थरथर, आणि खाली लोकांच्या गाड्या.

पण दुकानाकडे बोल्ट नसावेत? रोज ब्लॉकच्या भिंतीवर एसी लावता आणि बोल्ट गिऱ्हाइकानं आणायचे? फोन केला तर "दोन दिवसांत बघतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच उद्यमनगरात जुन्या शेडवर गेलो. १० एमएमच्या रॉडचे नऊ इंची चार स्टड कापले, दोन्हीकडे आटे पाडले, तीन बाय तीनच्या चार प्लेटा घेतल्या, वर झिंकचा पेंट मारला. शेडवरच्या पोरांनी चहा पाजला, वर "नाना परत जॉइन व्हा" म्हणून चेष्टा. आता बेडरूमच्या भिंतीवर आतून चार प्लेटा दिसतात. दोन कॅलेंडरखाली गेल्या, दोन तशाच आहेत. त्यावरून घरात अजून बोलणी खातोय.

दुपारी तीच पोरं परत आली. इथं एक गोष्ट रागानं लिहितो. धाकटा कमरेला नुसता दोर बांधून बाहेर उतरायला लागला, दोराचं दुसरं टोक खिडकीच्या ग्रिलला. सेफ्टी बेल्ट पिशवीत पडलेला! म्हटलं, बेल्ट घाल आणि दोर कॉलमला गुंडाळ, नाहीतर मशीन उचल आणि जा. ग्रिल चार स्क्रूवर बसलेली असते, तिच्या भरवशावर मी चड्डीसुद्धा वाळत घालत नाही. हसत हसत घातला बेल्ट त्यानं. मालकांनी हे वाचलं तर पोरांना दम भरावा, एवढंच.

बाकी थोरल्याचा हात मात्र सोन्याचा. कॉपर पाइप करवतीनं नाही, कटरनं कापला. तोंड खाली धरून आतली बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धारदार कड, काढली, म्हणजे कीस पाइपात पडत नाही. मग फ्लेअर मारला, म्हणजे पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं फाकवलं, इतकं सुबक की मी चष्मा लावून बघितला. आणि नट पाइपात ओवायचाच राहिलेला! फ्लेअर कापून टाकला, परत पहिल्यापासून. मी काही बोललो नाही. असल्या चुका मीही केल्यात, आणि तेव्हा शेजारी उभं राहून हसणारा माणूस फार वाईट दिसतो. भिंतीचं भोकही बाहेरच्या बाजूला उताराचं घेतलं, आपल्याकडच्या आडव्या पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून.

व्हॅक्यूमला, म्हणजे पाइपातली हवा पंपानं ओढून काढायला, मात्र अडलो. पंप दुकानातच राहिलेला. "थोडा गॅस सोडून हवा काढतो की, सगळे तसंच करत्यात." म्हटलं, सगळ्यांचं मला सांगू नकोस. पाइपात दमट हवा राहिली की कॉम्प्रेसरचं आयुष्य खाते, आणि आत आर-३२ गॅस, तोही पेट घेणारा. पंप यायला दीड तास गेला. मग वीस मिनिटं चालवला. काटा शून्याच्या खाली तीसच्या घरात गेला, व्हॉल्व बंद केला, आणि आम्ही तिघं दहा मिनिटं त्या काट्याकडे बघत बसलो. आयुष्यभर डायलचा काटा बघितला, पण असा न हललेला काटा बघून बरं वाटलं, म्हणजे कुठं गळती नाही. त्यानंतर गॅस सोडला.

ड्रेनचा पाइप त्यांनी हवेत लोंबता सोडलेला. खालच्या वहिनींनी बाल्कनीत कुरडया वाळत घातलेल्या. थेंब पडला असता तर सोसायटीच्या मीटिंगला वर्षभर विषय झाला असता. क्लिपा मारून पावसाळी पाण्याच्या पाइपात नेऊन सोडायला लावला.

बिल आलं तेव्हा जादा पाइप १० फूट. मशीनबरोबर १० फूट आलेला, टेप लावून एकूण भरला १७. म्हणजे जादा ७. २६० रुपये फुटानं ७८० रुपये वर लावलेले. फोन केला तर "वेस्टेज धरतो आम्ही." वेस्टेज म्हणजे कापलेला तो एक फ्लेअर, दोन इंच! दोन दिवसांनी पैसे परत आले, तेही पोरानं पुण्याहून फोन केल्यावर. स्टँडचे ९०० घेतले, त्याबद्दल तक्रार नाही, पत्रा जाड आहे आणि खाली रबरी बुश घातलेत.

फिटिंगला त्याच दुकानात जा म्हणेन, पण त्या थोरल्या पोराला मागून घ्या, आणि टेप घरात ठेवा.

परवा रात्री वळीव झाला. विजा, गारा, पश्चिमेचा वारा असा की बाल्कनीतली बादली गडगडत गेली. मी बॅटरी घेऊन बाहेर गेलो. बसवताना चारही नटांवर आणि बोल्टांवर मिळून लाल पेंटची एकेक रेघ मारून ठेवलेली, नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. भिजत चारही बघितल्या. रेघा सरळ होत्या.