इंग्रजी बोलायचा सराव: नागपूर की सेवाग्राम?

तूर घरात आली, हरभरा अजून उभा आहे. सेलूकडच्या आम्हा पोरांना फेब्रुवारीत असा एखादा मोकळा दिवस मिळतोच. प्रश्न एवढाच, इंग्रजी बोलायला जायचं कुठं?

नागपुरात २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आहे. १९२८ साली याच दिवशी लागलेल्या रामन परिणामाच्या शोधाची ही आठवण. रमण विज्ञान केंद्रात प्रयोगांजवळचे इंग्रजी फलक मोठ्यानं वाचावेत, नवे शब्द वहीत उतरवावेत. वाचन आणि शब्दसंग्रह यासाठी नागपूरच भारी. पण बोलणं? गर्दीत सगळे मराठी-हिंदीतच बोलतात, आपणही तिकडेच घसरतो.

सेवाग्रामला मात्र बोलावंच लागतं. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले, म्हणून आजही परप्रांतांतून, परदेशांतून माणसं येतात, आणि ती घाईत नसतात. मागच्या वर्षी बापूकुटीसमोर एका परदेशी आजींनी मला भिंतीबद्दल विचारलं. ‘मड’ आठवलं, शेणाला शब्दच सुचेना. शेवटी ‘काऊ’ म्हणून हातानं सारवून दाखवलं. त्यांनी ‘काऊ डंग’ म्हटलं, मी तीनदा म्हणून घेतलं. तो शब्द आता जन्मात विसरणार नाही. पुढं बांबू, कवेलू, चरखा असं अर्धा तास चाललं. हे सगळं आपल्या घरचंच, त्यामुळं सांगायला विषय शोधावा लागत नाही.

एकच दिवस असेल तर मी सेवाग्रामच सांगेन. फक्त आधी नमस्कार करा, त्यांना वेळ आहे का विचारा, आणि प्रार्थना सुरू असेल तर गप्प बसा.