चार जीबीचा पीसी आणि क्रोम: सेटिंग, दुसरा ब्राउझर की रॅम?

जून-जुलैत जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडच्या कुठल्याही सेवा केंद्रात डोकवा. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, खरिपाचा पीक विमा, पोरांच्या ॲडमिशनचे फॉर्म, सगळं एकाच पीसीवर, एकाच क्रोममध्ये उघडलेलं असतं. मधेच पडदा पांढरा पडतो, माउस फिरतो पण क्लिक लागत नाही आणि रांगेतून आवाज येतो, "काय व्हयनं भाऊ?" मग दुकानदारापुढे तीन सल्ले येतात: सेटिंग बदला, ब्राउझर बदला, रॅम वाढवा. तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्हींचा उपयोग सारखा नाही.

आधी खरंच रॅमच, म्हणजे चालू कामाची मेमरीच, कमी पडतेय का ते बघा. मेमरी ऐंशी टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, रॅम वापरण्यासाठीच असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. मेमरी नव्वदच्या पुढे आणि त्याच वेळी डिस्क शंभरवर अडकलेली असेल, तर समजायचं की जागा पुरेना म्हणून विंडोज रॅममधला माल हार्ड डिस्कवर नेऊन टाकतंय आणि परत आणतंय. पडदा अडकतो तो या ने-आणीत.

क्रोम एवढं खातं कशाला? तो जवळपास प्रत्येक टॅबला आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रामला) वेगळी प्रोसेस, म्हणजे वेगळं चालणारं काम, देतो, म्हणजे एक टॅब कोसळला तरी बाकीचे जिवंत राहतात. 2018 मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली खोट उघडी पडल्यावर गुगलने एका साइटचा माल दुसऱ्या साइटच्या प्रोसेसमध्ये जाऊ नये अशी भिंत घातली. त्या भिंतीमुळे मेमरी 10 ते 13 टक्के जास्त लागते, हे गुगलनेच सांगितलं होतं. म्हणजे यातला काही खर्च सुरक्षेचा आहे. ज्या पीसीवर लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील भरले जातात, तिथे तो वाचवायच्या भानगडीत पडू नये.

सेटिंगचा रस्ता फुकट आहे आणि चहा येईपर्यंत होतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून मोठा आकडा वर आणा. पुष्कळदा वर सरकारी पोर्टल नसतंच. असतं कधीतरी कुणीतरी टाकलेलं पीडीएफ जोडायचं किंवा कूपन शोधायचं एक्स्टेन्शन, नाहीतर सकाळपासून उघडी राहिलेली बातम्यांची साइट, जिच्या जाहिराती स्वतःहून बदलत राहतात. एक्स्टेन्शन काढून टाका. मग सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर सुरू करा. ही सोय डिसेंबर 2022 पासून आहे, न वापरलेला टॅब ती झोपवते. अर्धवट भरलेला फॉर्म दिसला तर क्रोम सहसा तो टॅब झोपवत नाही, पण झोपलेल्या टॅबवर परत गेलं की पान नव्याने लोड होतं. म्हणून रोजची पोर्टलं 'कायम चालू ठेवा'च्या यादीत टाकाच. शिवाय सिस्टिममध्ये एक बटण असतं, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप्स चालू ठेवण्याचं. ते बंद करा.

ब्राउझर बदलणं हा सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला, आणि माझ्या मते तिघांत सगळ्यात कमी पावणारा. मायक्रोसॉफ्टचा एज 2020 पासून क्रोमच्याच क्रोमियम पायावर आहे, ब्रेव्ह नावाचा ब्राउझरही त्यावरच. एजमध्ये टॅब झोपवायची सोय जानेवारी 2021 मध्ये, क्रोमच्या आधी आली हे खरं, पण आता ती दोघांकडे आहे. ब्रेव्ह हलका वाटतो कारण तो जाहिराती लोडच करत नाही. तुमचा दिवस बातम्या आणि व्हिडिओच्या साइटवर जात असेल तर हा फरक जाणवेल. पोर्टलवर जात असेल तर तिथे अडवायला जाहिरातीच नाहीत!

खरा वेगळा आहे तो फायरफॉक्स. त्याचं इंजिन स्वतःचं आहे, विंडोजवर मेमरी संपत आली की ऑक्टोबर 2021 पासून तो आपणहून टॅब उतरवतो, आणि क्रोमने बंद केलेलं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन यूब्लॉक ओरिजिन त्यात अजून पूर्ण ताकदीने चालतं. विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपला मी डोळे झाकून फायरफॉक्स सुचवेन. केंद्रचालकाने मात्र आधी रोजचं प्रत्येक पोर्टल त्यात उघडून, पावती छापून बघावी. आणि दोन ब्राउझर एकदम उघडे ठेवू नका, चार जीबीत ते सगळ्यात महाग पडतं.

राहिली रॅम. पैसे लागतात, पण चारच्या आठ जीबी झाल्यावर जो फरक पडतो तो वरच्या दोन्ही उपायांनी पडत नाही. विंडोज स्वतःच दोनेक जीबी घेऊन बसतं, म्हणजे ब्राउझरच्या वाट्याला आज दोन येतात, उद्या सहा येतील. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. 'दोनपैकी एक' दिसलं तर काम सोपं. रॅम डीडीआर3 प्रकारची आहे की डीडीआर4 हे मात्र बघूनच जळगावच्या गोलाणी मार्केटच्या पायऱ्या चढा, एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. विंडोज 32 बिट असेल तर आधी 64 बिट टाकून घ्या, नाहीतर चार जीबीच्या वरची रॅम वायाच जाते. 2025 च्या शेवटापासून एआयच्या सर्व्हरांमुळे मेमरीचे भाव चढलेत, त्यामुळे वापरलेली स्टिक घेणंही चुकीचं नाही. फक्त पैसे देण्याआधी दुकानातच विंडोजची मेमरी तपासणी लावायला सांगा.

आणि एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क? ती मेमरी वाचवत नाही, पण ने-आण इतकी जलद करते की अडकणं पुष्कळ कमी होतं. एकच टॅब उघडा असतानाही डिस्क शंभरवर जात असेल तर पहिला पैसा एसएसडीवर टाका. टॅब वाढल्यावरच पीसी रडत असेल तर रॅमवर.

पातळ लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि रिकामा स्लॉटही नसतो. तिथे फायरफॉक्स किंवा मेमरी सेव्हर कमाल पातळीवर, एवढंच हातात उरतं. नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला रंग विचारण्याआधी स्लॉट विचारा.